अडतीस

पी-अडतीस. यातलं अडतीस हे नाव नव्हे, वजन आहे.
प्रोटीन सापडलं तेव्हा कुणाला काही सुचलं नसावं,
म्हणून तराजूचा आकडाच चिकटला,
बाजारात गोणीला चिकटतो तसा.

डंडी शहरात, टे नदीच्या वरच्या अंगाला
मी ते रात्री लाल दिव्याच्या खोलीत फिल्मवर बघतो.
बशीतल्या पेशींवर गोड, जड पाणी ओतायचं,
दहा मिनिटं थांबायचं.
पेशी आक्रसतात.
पी-अडतीसच्या अंगावर दोन जागी फॉस्फेट येऊन बसतो
आणि फिल्मवर उमटते काळी रेघ,
काजळाचं बोट ओढल्यासारखी.
रेघ म्हणजे बोंब.
कोण मारतंय ते कळतं.
कुणासाठी, ते मला आजही अर्धंच कळतं.

इशबेल गेडिस, वय चौऱ्याहत्तर,
तेवीस वर्षं तागाच्या गिरणीत मागावर.
नव्या गोळीच्या चाचणीत तिनं नाव घातलं
कारण किटलीचं झाकण उचलेना.
गुरुवारी मी रक्ताच्या नळ्या न्यायला जायचो,
ती माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघायची.
कान मागांनी केव्हाच नेले होते.

"आत ओरडतंय कोण?" तिनं विचारलं.
मी सांगितलं, ओठ नीट हलवत:
ऊन, ताप, जंतू, कोरड, काहीही आलं
की पेशीत एक जण दवंडी पिटतो.
तुझ्या सांध्यांत तो थांबतच नाही.
गोळी त्याच्या तोंडावर हात ठेवते.
तिनं वाचलं. मान हलवली.
हसली मात्र नाही.

दुसऱ्या आठवड्यात रक्तातला सुजेचा आकडा उतरला.
तिनं कोटाची पाचही बटणं स्वतः लावली,
काढली,
मला दाखवायला पुन्हा लावली.
नर्सच्या खोलीत आम्ही केक कापला.
जरा घाईच झाली.

बाराव्या आठवड्यात आकडा जिथून निघाला तिथे येऊन बसला.
वर यकृत कुरकुरू लागलं,
ज्याच्या अंगणात काही जळतच नव्हतं.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
चाचणी थांबली. पत्र आलं, तीन ओळींचं, आभाराचं.

त्या रात्री मी दुसरी फिल्म धुतली.
पी-अडतीस गप्प होता, हवा तसा.
पण त्याच्या शेजारचा, जेएनके, 
ज्याच्याकडे आम्ही फारसं बघत नव्हतो,
त्याची रेघ इतकी काळी की फिल्म भिजल्यासारखी वाटावी.
ज्याच्या तोंडावर हात ठेवला
तोच वरच्यांना सांगत होता, पुरे, आता पुरे.
ते सांगणंही आम्ही बंद केलं होतं.

शेवटच्या गुरुवारी मी तिला हे सांगितलं.
फार लांबवून, चुकत, दोनदा मागे जाऊन.
खिडकीबाहेर समुद्राकडून आलेल्या धुक्यानं
पूल निम्मा खाल्ला होता.

ती म्हणाली,
"आमच्यात नेटा केर्ड म्हणून होती.
मुकादमाशी सगळ्यांत मोठ्यानं भांडायची ती,
म्हणून तिलाच काढलं.
पुढच्या सोमवारी सगळे माग बंद.
मग त्यांना उमगलं,
आम्हाला आवरून धरणारीही तीच होती."

"आणि ठरवलं कधी? मुकादम तर तिथेच असणार."

"त्याच्या देखत.
त्या खडखडाटात तोंडाला कोण विचारतो?
आम्ही हातांनी बोलायचो."

तिनं हात वर केले, करून दाखवायला.
पहिला शब्द झाला. दुसऱ्यात करंगळी वळेना,
मधलं बोट भलतीकडेच गेलं,
आणि वाक्य तिथेच हवेत राहिलं.
मी अर्थ विचारला नाही.
तिनंही सांगितला नाही.

मग तिनं कोट पुढे केला
आणि मी खाली वाकून बटणं लावली.
चौथ्याचं काज जरा घट्ट होतं.